ब्रेक झाला की तिला आणतो

१२ मे, रविवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. डोक्यात विचार साचले की रक्तदाब वाढतो, लिहून काढले की उतरतो, असं रेडिओवर एक डॉक्टर सांगत होता. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर चांगलं आहे.

पहिली गोष्ट. इन्शिराह नदीपलीकडे झिफ्त्याला तिच्या भावाकडे गेली आहे. मनगटाचं हाड मोडलंय, आराम हवा. भावाची सून नर्स आहे, सोय होते. यात दुसरं काही नाही. गल्लीत लोक म्हणतात, मितवल्लीची, म्हणजे माझी, बायको रुसून माहेरी गेली. लोकांना काय. पासष्टीची बाई रुसत नाही.

दुसरी गोष्ट. दोष ब्रेकचा. हे एकदा नीट लिहून टाकतो. गुरुवारी झिफ्त्याहून मोटारसायकलवर दोघं येत होतो. पुलाच्या उतारावर एक रिक्षा आडवी आली. पुढचा ब्रेक दाबला तर नुसता कर्र आवाज. गाडी घसरली, दोघंही पडलो. मी उठलो, गाडी उचलली, कारण टाकीतून पेट्रोल गळत होतं आणि चार पावलांवर एक माणूस शेगडीवर कणसं भाजत बसला होता. कोणीही शहाणा माणूस हेच करेल. गाडी स्टँडवर लावली, आरसा सरळ केला आणि मागे वळून बघतो तर इन्शिराह उठून झिफ्त्याच्या दिशेने चालत निघाली होती. मला वाटलं, चप्पल शोधतेय.

ठराव: ब्रेकचे नवे पॅड टाकायचे, गाडीवरून झिफ्त्याला जायचं, तिला मागे बसवून घरी आणायचं. आठवड्याचं काम.

१४ मे, मंगळवार

उस्ता शुकरीच्या गॅरेजात गेलो. त्याने पॅड काढून माझ्या हातात दिले. घासून घासून नुसता पत्रा उरला होता. म्हणाला, हाजी, हे पॅड नाहीत, चमचे आहेत, घरी न्या आणि सूप प्या. (मी हजला गेलेलो नाही. पण या वयात सगळे हाजी म्हणतात. जाणार आहे.) मी म्हणालो, मागच्या वर्षीच सांगायचं होतंस. म्हणाला, सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात थंडीत सगळ्याच गाड्या करकरतात. असं मी म्हणणं शक्य नाही.

भाव असे. कंपनीचे ओरिजिनल, चारशे वीस पौंड. भारतातून येतात ते दोनशे साठ. चिनी नव्वद. शुकरी म्हणाला, भारतातले घ्या, तिकडे एका गाडीवर नवरा-बायको, दोन पोरं आणि वर गॅसचा सिलिंडर असतो, त्यांना ब्रेक म्हणजे काय ते कळतं.

विचार करून सांगतो म्हणालो. आमचं मीत घमर ॲल्युमिनियमच्या भांड्यांचं गाव, आणि मी चाळीस वर्षं पातेली ठोकली आहेत. धातूचं मला कोणी शिकवू नये. घाई केली की माणूस फसतो.

रक्तदाबाची गोळी अर्धी घ्यायची असते. इन्शिराह सुरीने बरोबर मधोमध कापायची. मी कापली की तीन तुकडे होतात. मग कोणते दोन घ्यायचे?

१७ मे, शुक्रवार

मशिदीतून बाहेर पडताना हाजी अवदने हात धरला. हा खरा हाजी, टपाल खात्यातून निवृत्त. गल्लीतली निम्मी भांडणं यानेच मिटवली आहेत. म्हणाला, चल, आत्ताच जाऊ झिफ्त्याला, वाटेत आणखी एखाद्या पोक्त माणसाला घेऊ. पूल ओलांडला की घर. तू नुसता दारात उभा राहा, बोलायचं मी बघतो.

आमच्याकडे अशी रीत आहे हे खरं. बायको मन दुखावून माहेरी गेली की नवऱ्याने दोन वजनदार माणसं घेऊन जायचं, तिच्या माणसांसमोर चहा प्यायचा, तिला मानाने परत आणायचं. पण हे भांडण झालं असेल तर. आमचं भांडण झालेलंच नाही. ती एक शब्द बोलली नाही, मी एक शब्द बोललो नाही. मग भांडण कुठलं?

अवदला म्हणालो, ब्रेक झाला की आणतो. तो म्हणाला, अरे, पायांना कुठे ब्रेक लागतो? चालत चल.

विनोदी माणूस आहे. पण चालत गेलो तर तिला परत कशावर आणू?

१९ मे

मुलगी येऊन गेली. सुहैर इथेच दोन गल्ल्या पलीकडे राहते. ससा आणि मुलूखियाच्या पाल्याचं कालवण घेऊन आली होती. म्हणाली, बाबा, आई तुमच्याबद्दल काही विचारत नाही, पण फोन वाजला की मान वर करते. मी म्हणालो, तिला सांग, ब्रेकची डिस्क वाचली, पॅडवर भागतंय. सुहैर म्हणाली, हे सांगू? म्हणालो, हेच सांग, तिला काळजी असेल.

मग ती भांडी घासत बसली, जरा आदळआपट करत. तिच्या घरी काही कुरबुर चाललेली दिसते. विचारलं नाही. आपण मुलींच्या संसारात पडू नये.

२१ मे

निर्णय झाला. चिनी.

नखाने वाजवून बघितले, वास घेतला, दोन्ही तळहातांवर तोलले. दुकानदार म्हणाला, हाजी, पॅड घेताय की टरबूज? त्याला काय कळणार. नव्वद सांगत होता, पंच्याऐंशीला आणले. शुकरीने काही न बोलता बसवले. तो काही बोलत नाही तेव्हा त्याला आपली निवड पटलेली असते.

परवा झिफ्त्याला.

२२ मे

ब्रेक लागतो. पण लागताना असा किंचाळतो की मिठाईच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. असा आवाज करत तिच्या भावाच्या गल्लीत शिरायचं म्हणजे शोभा. जाणं पुढे ढकललं.

२३ मे, दुपार

किंचाळणं जावं म्हणून पॅडला साबण लावला. आमच्या कारखान्यात चाक किंचाळलं की साबणच लावायचो.

किंचाळणं गेलं. ब्रेकही गेला. मी गाडीसकट कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन थांबलो. कोंबडीवाली म्हणाली, हाजी, कोंबडी हवी तर मागा, अंगावर कशाला येता? लोक हसले. मीही हसलो, म्हणजे त्यांना वाटलं मी हसतोय. एका कोंबडीचे पैसे भरले आणि ती घेऊन आलो. ती आता गच्चीवर आहे. कापायची कशी माहीत नाही, इन्शिराह कापायची.

सुहैरला फोन करून बजावलं, आईला यातलं काही सांगू नकोस. तिने सांगितलं असणार. हरकत नाही. इन्शिराह हसली असेल. हसली का, ते मात्र सुहैरला विचारायचं राहिलं.

२६ मे, रविवार

तांत्याला जाऊन आलो. तिथल्या जुन्या बाजारात ओरिजिनल पॅड सुटे मिळतात, डब्याचे पैसे लागत नाहीत, असं चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. खरंच मिळाले. दोन नग, एकशे साठ. प्रवासाला जायचे-यायचे पैसे गेले ते वेगळे, ते त्यात धरत नाही, कारण हवापालटही झाली.

तांत्याची मायक्रोबस झिफ्त्यातूनच जाते. तिच्या भावाच्या गल्लीच्या तोंडावर दोन प्रवासी उतरले. मीही उतरू शकलो असतो. पण हातात पॅड नव्हते, रिकाम्या हाताने काय सांगायचं? येताना पॅड होते, पण बसवलेले नव्हते.

खिडकीतून त्यांची बाल्कनी दिसते. दोरीवर तिचा निळा झगा वाळत घातला होता, एका बाजूला ओघळलेला. तिने कधी असे कपडे वाळत घातले नाहीत, तिच्या दोरीवरचे कपडे लष्करासारखे उभे असतात. एका हाताने घातला असेल. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून विचारलं, काका, बरं वाटत नाही का? म्हणालो, डोळ्यांत धूळ गेली. खिडकी उघडी होती, धूळ होतीच.

३० मे

फसवणूक झाली. उस्ता शुकरी म्हणतो, पॅड ओरिजिनल आहेत, माल एक नंबर आहे, पण डिस्कच्या आतल्या बाजूचा पॅड वेगळ्या आकाराचा असतो आणि बाहेरच्या बाजूचा वेगळ्या. मी दोन्ही बाहेरचे आणले. म्हणाला, हाजी, तुम्ही दोन्ही डाव्या पायाच्या चपला आणल्यात, आणि त्या पण तांत्याहून.

त्यानेच सांगायला हवं होतं. म्हणतो, तुम्ही विचारलंत कुठे? या देशात कोणी आपलं कामच नीट करत नाही.

अर्धा दिवस छाती धडधडत होती. गोळीचे तिन्ही तुकडे घेतले.

२ जून, सकाळी

मेहुणा झकीचा फोन आला. तो आवाज चढवत नाही, हेच मला त्याचं आवडत नाही. म्हणाला, भाऊजी, घर तिचंच आहे, जन्मभर राहिली तरी मला जड नाही. पण ईद तोंडावर आली. ईदच्या दिवशी बाई भावाच्या घरी, नवरा त्याच्या घरी आणि मधे नदी, हे बरं दिसत नाही. दोन माणसं घेऊन या, चहा घ्या, मान तिचाही राहील, तुमचाही. ती नाही म्हणणार नाही. आज तरी नाही म्हणणार नाही. पुढचं मी सांगू शकत नाही.

मी त्याला म्हणालो, अडचण अगदी छोटी आहे. आणि आतल्या आणि बाहेरच्या पॅडमधला फरक समजावून सांगितला. तो शांतपणे ऐकत होता. मग लक्षात आलं की फोन मघाशीच बंद झालाय.

तरी एक बरं झालं, ईदच्या आधी, असा काहीतरी ठराव झाला. तारीख ठरली की कामाला वेग येतो.

३ जून

वेग आला नाही. पोटात गॅस.

५ जून, बुधवार

सुहैरचा फोन. आईचं प्लॅस्टर काढलं. हाड थोडं वाकडं जुळलंय, मूठ पूर्ण मिटत नाही. मी लगेच कामाचा प्रश्न विचारला. गाडीवर मागे बसल्यावर धरून राहायला जमेल ना? कारण धरायला उजवाच हात लागतो.

मग सुहैर म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा तिला विचारा ना, हात दुखतो का. एवढंच विचारा. मी फोन तिच्याकडे देते. मी म्हणालो, फोनवर कसलं विचारायचं, समोर आल्यावर निवांत विचारीन, ब्रेक झाला की. फोन कटला. नेटवर्क फार खराब झालंय.

खरं म्हणजे फोनवर तिच्याशी बोलायची मला सवय नाही. सेहेचाळीस वर्षं ती घरातच होती.

७ जून, शुक्रवार

शेवटी भारतातले पॅड घेतले. आता तीनशे दहा झाले. ईद आली की मेंढ्याही महागतात आणि पॅडही. आतापर्यंतच्या खर्चाची बेरीज केली नाही, बेरजेने रक्तदाब वाढतो. शुकरीने मात्र तोंडी केली आणि मोठ्याने सांगितली. एवढ्यात ओरिजिनलही आले असते म्हणाला, आणि वर तुमच्या घरी जेवण शिजलं असतं.

पॅड झकास बसले. शुकरी म्हणाला, आजच जा. मग सहज म्हणाला, नवे पॅड आहेत, थोडे दिवस दमानं चालवा म्हणजे डिस्कवर नीट बसतील. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. पॅड बसलेलेच नाहीत तर मी तिला कसं बसवू? आठवडाभर सराव करायचं ठरवलं. शुकरीने कपाळावर हात मारला. त्याच्या हाताला ग्रीस होतं, कपाळ काळं झालं.

१० जून

सराव उत्तम चालला आहे. कालव्याच्या रस्त्यावर रोज सकाळी. एकट्याने चालवणं वेगळं आणि मागे वजन असताना वेगळं, म्हणून मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधलं. इन्शिराहचं वजन किती ते माहीत नव्हतं. अंदाजाने पोत्यातले तांदूळ थोडे कमी केले, पुन्हा थोडे घातले. पोतं सरकू नये म्हणून तिच्या जुन्या शालीने बांधलं.

म्हशी धुणारे ओरडले, हाजी, मुबारक, नवी बायको कुठली? दुसरा म्हणाला, ही बरी, बोलत नाही. मी लक्ष दिलं नाही.

कालव्याच्या छोट्या पुलावरून उतरताना ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पोतं पाठीला येऊन टेकलं. तोंडातून निघून गेलं, धर गं नीट. आजूबाजूला कोणी नव्हतं.

१३ जून

सुहैर आली होती, फक्त दारापर्यंत. म्हणाली, बाबा, मी झकीमामाला सांगितलंय, ईदच्या आदल्या दिवशी, अरफाला, दुपारची अस्रची नमाज झाली की तुम्ही येताय, हाजी अवद आणि अजून एक जण सोबत. बरोबर ना? म्हणालो, बरोबर. म्हणाली, बाबा, ही शेवटची वेळ आहे.

लहानपणापासून ती थोडं वाढवून बोलते. तिच्या आईच्या उलट.

१४ जून, शुक्रवार, रात्री

उद्या. गाडी धुतली. सीटला खोबरेल चोळलं. माझ्या झग्याला इस्त्री केली, एका जागी थोडा जळला, पण तो भाग बसलं की खाली जातो.

काय बोलायचं त्याची तयारी केली. आधी ब्रेकचं सांगायचं, म्हणजे तिची भीती जाईल. मग बाकीचं आपोआप येईल.

१५ जून, शनिवार, अरफाचा दिवस

सगळं क्रमाने लिहितो.

आज सगळ्यांचाच उपास. मीही धरला होता. अस्रनंतर खाली उतरलो तर हाजी अवद पांढरे कपडे, काठी, अत्तर, अशा थाटात गाडीजवळ उभा. म्हणाला, दुसरे गृहस्थ मायक्रोबसने पुढे यायला तयार आहेत, मी तुझ्या मागे बसतो, येताना माझं मी बघीन. मी म्हणालो, नको. मागची सीट रिकामी हवी. तिने खिडकीतून पाहिलं आणि तुम्ही बसलेले दिसलात तर तिला वाटेल, आपली जागा भरली. पहिली नजर महत्त्वाची असते.

तो म्हणाला, मितवल्ली, तिला रिकामी सीट बघायची नाहीये. तिच्यासाठी माणसं आलेली तिला बघायची आहेत. मी म्हणालो, तुम्हाला उपास लागलाय, उन्हात कशाला, मी एकटा पटकन जाऊन घेऊन येतो. तो काठी टेकत परत गेला. मला वाटलं, त्याला पटलं.

पूल छान ओलांडला. ब्रेक आवाज न करता लागला. झकी दारातच होता. त्याने माझ्या मागे बघितलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं. विचारलं, बाकीचे? म्हणालो, एकटाच आलोय, तिच्यासाठी सीट मोकळी ठेवली. तो बाजूला झाला.

बैठकीत खुर्च्या मांडल्या होत्या. धुतलेल्या, ओळीत. एका तबकात सरबताचे पेले उपडे घालून ठेवले होते, उपास सुटल्यावर पिण्यासाठी. नवी सतरंजी. हे सगळं तीन-चार माणसांसाठी होतं. मी एका खुर्चीवर बसलो. बाकीच्या खुर्च्या समोर दिसत होत्या.

इन्शिराह आली. बारीक झाली आहे. उजवा हात डाव्या हातात धरून बसली. तिनेही आधी खुर्च्यांकडेच बघितलं.

ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. पॅड बदलले, भारतातले टाकले, सगळ्यात चांगले. ती म्हणाली, बरं केलंत. म्हणालो, आता गाडी जागच्या जागी थांबते. ती म्हणाली, चांगलं झालं. म्हणालो, मग चल.

ती म्हणाली, सुहैरचे बाबा, त्या दिवशी मला कोणी उठवलं, माहीत आहे?

मी म्हणालो, तू आपली आपणच उठलीस, मी बघितलं ना.

म्हणाली, कणसंवाल्याने. शेगडी तशीच टाकून धावत आला. तुमची पाठ होती.

मी समजावलं, पेट्रोल गळत होतं आणि निखारे त्याच्याच शेगडीत होते, भडका उडाला असता.

म्हणाली, हो, त्यालाही तीच भीती होती. पण आधी त्याने मला उठवलं.

झकी उठून बाहेर गेला. इन्शिराह तशाच आवाजात बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. म्हणाली, मी पुलावरून चालत आले तेव्हा दोनदा थांबले. पुलाच्या मधोमध जरा जास्तच वेळ. म्हटलं, आता येतील, गाडी लावतील आणि येतील. मग इथे आल्यावर बाल्कनीत बसायची. लांबून गाडीचा आवाज आला की ओळखायची, आपली नाही. सुहैर येऊन सांगायची, चिनी घेतले, तांत्याचे घेतले, साबण लावला. कोंबडीचं ऐकून हसले पण मी. त्या दिवशी तुम्ही आला असता तर त्याच पायी निघाले असते. नंतर एक दिवस बाल्कनीत बसायचं राहून गेलं. आणि राहून गेलं ते लक्षातही आलं नाही. तेव्हा मला कळलं.

काय कळलं, मी विचारलं.

ती म्हणाली, उपास सुटायच्या आत घरी पोचा. खजूर आहेत ना घरात? फ्रीजवरच्या डब्यात आहेत. उतारावर सांभाळून.

रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर समजूत काढली असती. त्यासाठी माणसं लागतात, तीही आणली असती.

दारापर्यंत आली. गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, सीट छान चमकतेय.

निम्म्या पुलावर आल्यावर आठवलं, हात दुखतो का ते विचारायचं राहिलं. परत फिरणार होतो. तेवढ्यात बांग झाली. लोक गाड्या अडवून खजूर आणि पाणी वाटत होते. एकाने मला दोन खजूर दिले, म्हणाला, हाजी, एक तुम्हाला, एक घरी बाईंना. दोन्ही घेतले. वाद कशाला घालायचा.

१६ जून, रविवार, ईद

ईदची नमाज पढलो. हाजी अवदने गळाभेट घेतली. घरी येऊन बसलो.

दुपारी सुहैर आली. झकीने मेंढा कापला होता, त्यातलं मांस पिशवीतून घेऊन आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, मग पोरं खोळंबली आहेत म्हणाली.

आमच्याकडे कुर्बानीचे तीन वाटे करतात. प्लॅस्टिकवर तीन ढीग घालतात. एक घरच्यांचा, एक नातेवाइकांचा, एक गोरगरिबांचा. वाटे घालणं हे बायकांचं काम, आमच्या घरी ते नेहमी इन्शिराहच करायची, तिचा हात सरळ, कोणाला कमी-जास्त जायचं नाही.

पिशवी ओट्यावर ओतून बघितली. एक मांडीचा तुकडा चांगला आहे. मांडी सहसा नात्यात देतात. पण तीन हाडं आहेत, आणि चरबी बरीच. हाडं आणि चरबी दिली म्हणजे गरिबांचा वाटा असू शकतो. काळजाचा तुकडाही सापडला, छोटा. काळीज घरचे लोक वाटत नाहीत, घरीच ठेवतात. पण तो चुकून हाताला लागून आलेला असेल. तुकडे उजेडात धरून बघितले, तोलून बघितले. काही ठरेना.

जिन्यात जाऊन सुहैरला हाक मारली. ती अर्ध्यावर थांबली. विचारलं, झकीच्या बायकोने भरलं का हे? म्हणाली, नाही बाबा, आईने भरलं. डाव्या हाताने एकेक तुकडा उचलून.

कोणत्या ढिगातून, ते मी विचारलं नाही.